सरकारी पोषण योजना आणि कोकणातलं ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, बचत गट आणि घरचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. योजनांची नावं बहुतेकांना ठाऊक असतात. त्यात आपल्या वाट्याला नेमकं किती येतं, ते ताटात कसं घ्यायचं आणि कुठे गळती होते, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणून इथे भर त्यावर आहे.

लोकांनी काय खावं, यात सरकार करतं तरी काय?

सरकार सल्ला देतं: आहार मार्गदर्शिका काढतं, सप्टेंबरात पोषण माह पाळतं, भिंती रंगवतं. शाळेत, अंगणवाडीत आणि रेशनवर प्रत्यक्ष अन्न देतं. मिठात आयोडीन, तांदळात लोह असं रोजच्या खाण्यात काही मिसळतं. आणि कर, बंदी, वेष्टनावरच्या माहितीचे नियम यांतून बाजारावर हात ठेवतं.

यातला सल्ला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी परिणामकारक. माणूस जवळ, स्वस्त आणि तयार मिळेल ते खातो. शाळेच्या फाटकासमोर पाच रुपयांचं चिप्सचं पाकीट लटकत असेल आणि पेरू आठवडी बाजाराशिवाय मिळत नसेल, तर भिंतीवरच्या चित्राने काही बदलत नाही. फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया भागात 1972 मध्ये हृदयरोगाविरुद्ध मोहीम सुरू झाली. तिथे सल्ल्यासोबत दुग्धव्यवसायातल्या शेतकऱ्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत केली, खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांना मीठ आणि चरबी कमी करायला लावलं. पुढच्या काही दशकांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयरोगाने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले.

दिवसभरात किती काय खावं, याचं सरकारी प्रमाण आहे का?

आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे 2024 मध्ये सुधारित आहार मार्गदर्शिका काढली. 2000 किलोकॅलरीच्या दिवसाचं तिचं ताट असं: धान्य आणि भरड धान्य 250 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मासे-मटण मिळून 85 ग्रॅम, फळं 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिली, दाणे आणि तेलबिया 35 ग्रॅम, तेल-तूप 27 ग्रॅम. मीठ 5 ग्रॅमपर्यंत, साखर 25 ग्रॅमच्या आत. धान्याचं वजन कच्च्याचं धरायचं, शिजलेल्या भाताचं नाही.

आपल्याकडे गाडी दोन ठिकाणी अडते. एक म्हणजे भात: सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात किंवा तांदळाची भाकरी, आणि 250 ग्रॅमची हद्द सहज ओलांडली जाते. घरातली भाताची वाटी एकदा वजनकाट्यावर मोजून घ्या. बहुतेकांना आपला अंदाज चुकलेला आढळतो. दुसरी अडचण भाजीची. माशाचं कालवण असलं की भाजी करायचीच नाही, ही अनेक घरांतली रीत आहे. मासा 85 ग्रॅमचा वाटा भरून काढतो, 400 ग्रॅम भाजीचा नाही. कालवणासोबत लाल माठ, दुधी किंवा पडवळाची भाजी, निदान काकडीची कोशिंबीर तरी हवी.

खोबरं चालतं की नाही?

चालतं, पण ते तेलाच्या हिशेबात धरायला हवं. ओल्या खोबऱ्यात वजनाच्या साधारण एक तृतीयांश चरबी असते आणि तीही मुख्यतः संपृक्त. माणशी 30 ग्रॅम खोबरं वाटणात गेलं तर सुमारे 10 ग्रॅम चरबी तिथेच आली. त्या दिवशी फोडणीला तेल कमी घ्या आणि त्याच जेवणात तळलेली तुकडी टाळा. मासा तव्यावर थोड्या तेलात भाजला तरी चवीला कमी पडत नाही.

शाळेच्या पोषण आहारात मुलाला किती मिळायला हवं?

15 ऑगस्ट 1995 ला सुरू झालेली ही योजना 2021 पासून पीएम पोषण या नावाने चालते. पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 किलोकॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम धान्य, 30 ग्रॅम डाळ, 75 ग्रॅम भाजी, 7.5 ग्रॅम तेल; म्हणजे 700 किलोकॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं.

तपासायचं कसं? हजेरी गुणिले प्रमाण, एवढंच. पहिली ते पाचवीची 12 मुलं हजर असतील तर टोपात 1 किलो 200 ग्रॅम तांदूळ, 240 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि 600 ग्रॅम भाजी जायला हवी. तांदूळ सहसा पुरेसा असतो. कमी पडते ती डाळ आणि भाजी: आमटी पातळ होते, भाजीच्या नावाखाली दोन बटाटे पडतात. म्हणून भेट द्याल तेव्हा भाताचा ढीग पाहून समाधान मानू नका. आमटीत पळी तळापर्यंत घालून पाहा आणि भाजी शिजायच्या आधी तिचं वजन करा. वाढण्याआधी शिक्षकांनी चव घेऊन नोंदवहीत लिहायचं असतं. ती वही मागून बघता येते.

2015 च्या नियमांनुसार धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नसल्यामुळे एखाद्या दिवशी जेवण मिळालं नाही, तर मुलाला त्या दिवसाचा अन्नसुरक्षा भत्ता देय होतो. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण बंद राहिलं, तर राज्याने जबाबदारी निश्चित करायची असते.

आमच्या वाडीतल्या शाळेचा पट अगदी कमी आहे. एवढ्या थोड्या पैशांत काय भागणार?

अडचण खरी आहे आणि ती कोकणात इतर भागांपेक्षा जास्त टोचते. 1 मे 2025 पासून प्राथमिकसाठी साहित्याचा दर एका मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आहे. तांदूळ वेगळा येतो. या रकमेत डाळ, भाजी, तेल, मसाला आणि इंधन बसवायचं असतं. 12 मुलांचे रोजचे 81 रुपये होतात. मोठ्या शाळेला घाऊक भावात माल मिळतो, वाडीवरच्या शाळेला मिळत नाही. बारा जणांचं जेवण आणि पन्नास जणांचं जेवण यांना लागणाऱ्या गॅसमध्ये चौपट फरकही नसतो. पटसंख्येवर आधारलेला एकच दर छोट्या शाळेवर अन्याय करतो, आणि समितीने ही मागणी ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी लावून धरायलाच हवी.

तोवर हाताशी आहे ते म्हणजे परसबाग. शाळेच्या मोरीचं पाणी जाईल तिथे शेवग्याची दोन झाडं, चार पपया, अळू, आणि आलटून पालटून पेरलेला लाल माठ. माठ साधारण महिन्याभरात कापणीला येतो. दर आठवड्याला एक छोटा वाफा पेरला तर भाजीत खंड पडत नाही. सगळा एकदम पेरला की दोन आठवडे चंगळ आणि नंतर महिनाभर काही नाही. बाग मे महिन्यात मरते, कारण सुट्टीत पाणी घालायला कोणी नसतं. शेवगा आणि पपई तेवढा ताण सोसतात. पालेभाजी जूनमध्ये नव्याने पेरा, पण वाफा उंच करा. कोकणच्या पावसात सपाट वाफ्यातलं बी वाहून जातं.

अंडी बंद झाली का?

राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्यातून एक अंडं, आणि न खाणाऱ्यांना फळ, देण्याचा निर्णय घेतला होता. जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबवला; लोकसहभागातून द्यायला हरकत नाही. वाढदिवस, गावची जत्रा, पुण्यतिथी अशा निमित्ताने शाळेला जेवण द्यायची सोय योजनेत तिथीभोजन या नावाने आहेच. केक आणि फरसाण देण्याऐवजी त्या दिवशीची अंडी द्या. वाढत्या मुलाला एवढ्या थोडक्या पैशांत एवढं चांगलं प्रथिन देणारं दुसरं काही सहज मिळत नाही.

रेशनच्या तांदळात वेगळेच दाणे दिसतात. ते प्लास्टिकचे असतात का?

नाही. ते पोषक तत्त्वं घातलेले, म्हणजे फोर्टिफाइड दाणे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याचा आकार देतात आणि साध्या तांदळाच्या 100 दाण्यांमागे असा एक मिसळतात. रंगाने किंचित वेगळे असतात, कधी पाण्यावर तरंगतात, त्यामुळे शंका येते. निवडून फेकले तर ज्यासाठी ते घातले तेच गेलं. तांदूळ खूप चोळून, पाच-सहा पाण्यांनी धुऊ नका. भात जास्त पाण्यात शिजवून वेळून काढाल तर ते पाणी ओतू नका, पेजेसारखं प्या. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

आम्ही समुद्राकाठी राहतो, मासे खातो. आम्हाला आयोडीनच्या मिठाची काय गरज?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक बैठकीत येतो. समुद्राच्या माशांतून थोडं आयोडीन मिळतं हे खरं. पण रोज प्रत्येकाला पुरेल इतकं मिळेलच असं नाही, आणि जून-जुलैत तर मासे ताटातून जवळपास जातातच. मिठागरातल्या मिठात समुद्राचं आयोडीन असेल, ही समजूत मात्र चुकीची आहे. पाणी आटून बनलेल्या मिठात ते नगण्य उरतं. पेण-उरणकडचं असो वा शिरोड्याचं, खडे मीठ आयोडीनच्या दृष्टीने रिकामंच. गर्भारपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो नंतर भरून निघत नाही. म्हणूनच 2006 पासून थेट खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. मासळी खारवायला किंवा गुरांना खडे मीठ वापरता येतं.

घरी पोचेपर्यंत मिठात दशलक्षात किमान 15 भाग आयोडीन असायला हवं. कारखान्यातून ते जास्त घालूनच निघतं, कारण वाटेत उडतं. आपल्या दमट हवेत आणखी उडतं. पिशवी फोडली की मीठ घट्ट झाकणाच्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत भरा, चुलीच्या कट्ट्यावर ठेवू नका, पाणी सुटलेलं मीठ वापरत राहू नका. पदार्थ शिजत आल्यावर मीठ घाला. आशाताईंकडे चाचणीचा संच असेल तर चिमूटभर मिठावर त्याचा थेंब टाकून घ्या: जांभळा रंग आला तर आयोडीन आहे, काहीच रंग नाही तर नाही.

आणि आयोडीनचं म्हणून मीठ जास्त खायचं नाही. 5 ग्रॅम म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, आणि तो दिवसभराच्या सगळ्या खाण्यातला: लोणचं, पापड, आगळ, सुकी मासळी धरून.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. तेव्हा काय?

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी किनाऱ्यावर असतात आणि घराघरांत सुकी मासळी निघते. नुसत्या उन्हात वाळवलेला जवळा, सुकट चांगलीच. बारीक असल्याने सालासकट खाल्ली जाते आणि कॅल्शियमही देते. खाऱ्या बांगड्याचं तसं नाही, त्यात मीठ भरपूर असतं. तो कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी दोनदा बदला, कालवणात वरून मीठ घालू नका. आमसूलही खारवलेली असतील तर तेही लक्षात घ्या. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्याला खारी मासळी रोज देऊ नये.

प्रथिनांसाठी खरा आधार कुळीथ आणि वाल. कुळथाची पिठी आणि भात हे जेवण मोडीत काढण्यासारखं नाही. त्याला पालेभाजीची जोड द्या.

नाचणीचा एवढा गाजावाजा का? आणि बाळासाठी सत्व घरी कसं करायचं?

संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरड धान्य वर्ष पाळलं, सरकारने भरड धान्यांना श्री अन्न हे नाव देऊन हमीभाव वाढवला. 2025-26 च्या हंगामासाठी नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4886 रुपये आहे. गाजावाज्याला आधार आहे: 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात त्याच्या आसपासही नाही. मात्र नाचणीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बिस्किटांत अनेकदा मैदा आणि साखरच पुढे असते. भाकरी, आंबील, सत्व हेच खरं.

सत्व: 1 किलो नाचणी तीन-चार पाण्यांत चोळून धुवा, खडे आणि माती तळाशी बसू द्या. 10 ते 12 तास भिजवा. पाणी निथळून ओल्या सुती फडक्यात बांधून 24 ते 36 तास टांगा, फडकं सुकलं की शिंपडा. बारीक कोंब दिसले की पसरून खडखडीत वाळवा, मंद आचेवर खमंग भाजा, दळा. सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी वस्त्रगाळ करा. मोठ्यांसाठी चाळू नका, कोंड्यात बरंच पोषण असतं. कोंब आल्याने लोह शरीरात अधिक लागू होतं. बाळाला दोन चमचे सत्व कपभर पाण्यात आधी थंडच कालवून मग सात-आठ मिनिटं ढवळत शिजवा; गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या खिरीत साखर-मीठ नको.

चूक होते ती वाळवताना. पावसात केलेलं सत्व आत ओलं राहतं आणि बुरशी धरतं. वर्षाचं सत्व मे महिन्यातच करा. आंबूस किंवा कुबट वास आला तर भाजून वापरायचा मोह धरू नका, टाकून द्या. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

अंगणवाडीतून काय मिळतं?

सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाला, गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना नाश्ता आणि गरम जेवण, वर्षात 300 दिवस. जव्हार-मोखाड्यासारख्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवणही मिळतं. घरी आलेलं पाकीट बाळाचं आहे. सगळ्यांनी वाटून खाल्लं की बाळाच्या वाट्याला दोन घासच उरतात.

वजनाइतकंच दंडाच्या घेराकडे लक्ष द्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण तीव्र, 11.5 ते 12.5 मध्ये मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असेल तर मूल गुटगुटीत दिसत असलं तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

शाळेतल्या लोहाच्या गोळ्यांनी मुलीला मळमळतं. बंद करू का?

बंद नको. किशोरवयात आठवड्याला एक निळी गोळी असते, 60 मिलिग्रॅम लोहाची. ती जेवणानंतर, पाण्यासोबत घ्यावी. आधी-नंतर तासभर चहा नको, कारण चहा लोह शोषू देत नाही. शौचाचा रंग काळपट झाला तर घाबरायचं कारण नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधली जंताची गोळीही चुकवू नका. पोटात जंत असतील तर लोह अंगी लागत नाही.

शाळेजवळ चिप्स आणि शीतपेयं विकायला बंदी आहे ना?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. अंमलबजावणी ढिली आहे. टपरीवाला गावातलाच, कोणाचा तरी काका. तक्रारीने वैर येतं. त्याच्या गल्ल्याचा विचार करून पर्याय दिला तर जमतं: उकडलेली अंडी, भाजलेले शेंगदाणे, चण्याची भेळ, केळी, ताक. सीबीएसईने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेचे, म्हणजे कशात किती साखर असते ते दाखवणारे, फलक लावायला सांगितलं. जिल्हा परिषद शाळेनेही तो लावायला काहीच हरकत नाही.

कर लावल्याने लोक कमी गोड खातात का?

कर कसा लावला यावर आहे. मेक्सिकोने 2014 मध्ये गोड पेयांवर लिटरला एक पेसो लावला आणि खरेदी घटली. ब्रिटनने 2018 मध्ये साखरेच्या प्रमाणावर टप्पे केले: 100 मिलीत 5 ग्रॅमखाली साखर असेल तर कर नाही. कर वाचवायला कंपन्यांनीच साखर कमी केली. डेन्मार्कने 2011 मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला, लोक सीमेपलीकडून लोणी आणू लागले आणि 2013 च्या सुरुवातीला तो गेला. केरळने 2016 मध्ये ब्रँडेड बर्गर-पिझ्झावर 14.5 टक्के लावला होता. जीएसटी आल्यावर तोही राहिला नाही.

आपल्याकडे गोड फसफसत्या पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे, पण तो साखरेच्या प्रमाणाशी जोडलेला नाही, त्यामुळे कंपनीला साखर कमी करून काही मिळत नाही. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किटं, चॉकलेट, फरसाण, झटपट नूडल्स 5 टक्क्यांवर आली. आरोग्याच्या बाजूने पाहता हे उलट्या दिशेचं पाऊल आहे.

पाकिटावरचं नेमकं काय वाचायचं?

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिल्या तिनांत साखर किंवा पाम तेल असेल तर पाकीट परत ठेवा. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ कळतं: 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. कोकम सरबताची तयार बाटलीही वाचा. त्यात बहुधा सर्वांत जास्त साखरच असते. घरी आगळ पाण्यात घालून, जिरेपूड टाकून पिणं बरं, फक्त आगळातलं मीठ ध्यानात ठेवून.

हॉटेलात तेच तेल पुन्हा पुन्हा तापवतात. नियम काय?

तळणीच्या तेलातले एकूण ध्रुवीय घटक, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही. यंत्राशिवाय ओळखायचं तर काळपट रंग, चिकटपणा, बारीक फेस आणि कमी आचेवरच निघणारा धूर पाहा. मासे तळलेलं तेल पिठाच्या कणांमुळे लवकर बिघडतं. घरी ते गाळून, एकदाच आणि फोडणीलाच वापरा.

रानभाज्यांचा सरकारी महोत्सव भरतो. त्या नेहमी खाव्यात का?

कृषी विभाग ऑगस्टच्या सुमारास जिल्ह्याजिल्ह्यांत तो भरवतो, जरूर जा. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी पावसाळ्यातल्या भाजीच्या टंचाईवर फुकटचा उपाय आहेत. ओळख पटल्याशिवाय मात्र काही तोडू नका. शेवळं काकडाच्या फळांशिवाय केली तर घसा खाजतो, अळूला आमसूल किंवा चिंच हवीच. रस्त्याकडेचा आणि तणनाशक मारलेल्या बागेतला टाकळा घेऊ नका.

तक्रार कुठे करायची?

रेशनसाठी 1967. भेसळ, मुदत संपलेला माल किंवा शाळेजवळच्या विक्रीसाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा 1800222365 आणि केंद्राच्या प्राधिकरणाचा 1800112100. पाकिटाचा फोटो, बॅच क्रमांक, दुकानाचा 14 आकडी परवाना क्रमांक आणि बिल जोडा. उरलेला पदार्थ फेकू नका. शाळेच्या आहाराची तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे लेखी द्या, पोच घ्या, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. अंगणवाडीसाठी पर्यवेक्षिका आणि तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी. तारीख आणि वजन लिहिलेली तक्रार टाळणं कठीण असतं. "जेवण चांगलं नाही" एवढंच लिहिलेली सहज बाजूला पडते.